सदा म्हणजे किती दिवस?

आमच्या घरात चार गोष्टी विकत आणायला बंदी आहे: विरजण, कढीपत्ता, कोरफड आणि सदाफुली. ही बंदी कुठे लिहून ठेवलेली नाही. पण ती मोडल्यावर काय होतं ते मी सांगू शकतो, कारण आजवर ती मोडणारा घरात मी एकटाच.

त्याचं असं झालं. पुण्यात आम्ही तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात त्याच्यामागे 'प्रायव्हेट गार्डन' होतं. ताबा मिळाल्यावर कळलं की ते चार फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे, त्यात ड्रेनेजची दोन चेंबर आहेत, आणि माती म्हणून जे आहे ते सिमेंट, विटांचे तुकडे आणि गुटख्याच्या रिकाम्या पुड्या यांचं मिश्रण आहे. शिवाय बाजू पश्चिमेची. दुपारी बाराला ऊन येतं आणि दूरच्या नातेवाइकासारखं संध्याकाळपर्यंत हलत नाही. एप्रिलात त्या पट्टीत साबुदाण्याच्या पापड्या एका दिवसात कडक होतात. तिथे मी हौसेने फर्न लावला, तो पापड्यांच्या आधी वाळला. मग बेगोनिया लावला. त्याच्याविषयी हिला अजून विचारू नये.

शेवटी एका रविवारी नर्सरीत गेलो आणि सरळ सांगितलं, "भर उन्हात टिकेल, बारा महिने फुलेल, आणि काही मागणार नाही असं दाखवा."

लग्न ठरवतानाही मी हेच सांगितलं असणार, अशा नजरेने हिने माझ्याकडे पाहिलं.

नर्सरीवाल्याने गडद लाल फुलांची एक टुमदार कुंडी पुढे सरकवली. "विन्का घ्या साहेब. हायब्रीड आहे." किंमत एकशेवीस रुपये. मी रुबाबात दिले. वर कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, एक द्रवरूप टॉनिक, छाटणीची कात्री आणि कुंडीखाली ठेवायची ताटली घेतली. एकूण बिल सातशे साठ. स्कूटरवर हिच्या मांडीत विन्का, विन्काच्या मांडीत पेंड, अशी वरात घरी आली.

आईने चष्मा कपाळावर चढवला, कुंडी एकदा गोल फिरवून पाहिली आणि म्हणाली, "सदाफुली."

"विन्का आहे, आई."

"नर्सरीत असेल विन्का. घरात आली की सदाफुली. केवढ्याला?"

"चाळीस," मी म्हणालो. काही खोटी बोलणी कुटुंबसंस्थेच्या हितासाठी असतात.

"चाळीस रुपये देऊन सदाफुली?" आई खुर्चीत बसलीच. "मेल्या, आमच्याकडे गडग्यावर उगवते ती. उद्या विरजण विकत आणशील!"

इथे एक कबुली दिली पाहिजे. आईचं शास्त्र माझ्या पावतीपेक्षा अद्ययावत निघालं. लिनियसने 1759 साली या झाडाला 'विन्का रोझिया' म्हटलं होतं खरं. पण पुढे एकोणिसाव्या शतकातच वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या खऱ्या विन्कांपासून वेगळं काढून 'कॅथरँथस' या पंगतीत बसवलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ निर्मळ फूल. म्हणजे विन्का हे नाव पंडितांनी टाकून दीडशेहून अधिक वर्षं झाली. नर्सरीवाल्यांनी ते उचलून ठेवलं, कारण 'सदाफुली' असं लिहिलेल्या कुंडीला पुण्यात एकशेवीस रुपये कुणी देणार नाही. कॅथरँथस म्हटलं तर दोनशेही मिळतील, पण ते म्हणता आलं पाहिजे.

झाडही मूळचं आपलं नाही. मादागास्कर बेटावरचं. या घराण्याच्या एकूण आठ जाती. त्यांतल्या सात मादागास्करच्या आणि आठवी, एक चिमुकली पांढऱ्या फुलांची जात, भारत-श्रीलंकेची. ही अस्सल देशी चुलत बहीण शेताच्या बांधावर तण म्हणून उपटली जाते आणि परदेशी पाहुणी तुळशीवृंदावनाशेजारी मिरवते. यावर मी काही बोलत नाही. आपल्या घरातल्या अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांची बडदास्त सगळ्यांनी पाहिलेली आहे.

पण या पाहुणीला आपण नावं काय दिली बघा! मराठीत सदाफुली. हिंदीत सदाबहार, कुठे सदासुहागन. तमिळमध्ये नित्यकल्याणी. प्रत्येक भाषेने तिला कायमची नोकरी दिलेली. एकट्या केरळात तिचं एक नाव 'शवंनारी' आहे, ते ऐकून कुणी नर्सरीकडे फिरकणार नाही. आणि बागकामाच्या पुस्तकात तिच्यापुढे दोनच शब्द असतात: 'अल्पजीवी बहुवर्षायू'. हे मी तीनदा वाचलं. बहुवर्षायू म्हणजे पुष्कळ वर्षं जगणारी. अल्पजीवी म्हणजे थोडंच जगणारी. सरकारी खात्यात 'कायम हंगामी' नावाचे कर्मचारी असतात, त्यांतलाच हा प्रकार. नावात सदा, पण सेवाकाळ दोन, फार तर तीन वर्षं. तेसुद्धा मालक बरा मिळाला तर.

मालक मी होतो.

एप्रिल-मे उत्तम गेले. चाळीस अंशांत कावळे चोच वासून नळाखाली बसलेले असताना आमची विन्का चकाकत उभी होती. तिला रोज सहा तास तरी कडक ऊन लागतं, सावलीत ठेवली तर नुसती उंच वाढून फांद्या टाकते, हे वाचून मला प्रथमच आमच्या पश्चिमेचा अभिमान वाटला. कळी उमलताना पाकळ्या भिरभिऱ्यासारखा पीळ सोडतात, पाच पाकळ्यांच्या मधोमध एक डोळा उघडतो. सुकलेली फुलं ती आपली आपण गाळून टाकते. मी आणलेल्या कात्रीला कामच उरलं नाही. तीन दिवस कात्री हातात घेऊन मी नुसता झाडाभोवती फिरलो, मग हिने त्या कात्रीने दुधाच्या पिशव्या कापायला घेतल्या.

झाड काही मागत नाही हे मला सहन होईना. सातशे साठ रुपये खर्च केलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं. मी दर आठवड्याला टॉनिक सुरू केलं. परिणाम दिसला. पानं तळहाताएवढी होऊ लागली आणि फुलं बंद झाली. खत जास्त झालं की सदाफुली फुलायचं सोडून पानं वाढवत बसते. बढती मिळाल्यावर काम बंद करणारे लोक मी पाहिलेत. झाड प्रथमच पाहिलं.

टॉनिक थांबवलं, फुलं परत आली, आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचे काका आले.

काका रोज सकाळी सहाला कंपाउंडलगत फिरायला जातात. देवाला फुलं नेणारे लोक आपल्याकडे आहेतच; दुसऱ्याच्या फुलाने पुण्य जास्त लागतं अशी त्यांची श्रद्धा असते. पण काका पानंही न्यायचे. एकदा मी पडद्याआडून पाहिलं. त्यांनी चार पानं तोडली, शर्टाला पुसली आणि तिथेच चावून गिळली. चेहरा असा झाला की मला वाटलं आता दवाखाना. पण काकांनी सावकाश डोळे उघडले आणि पाचवं पान तोडलं.

"शुगरला रामबाण," मला पाहून ते म्हणाले. लाजले वगैरे नाहीत.

आता मला माहिती द्यायची सवय आहे. मी म्हटलं, "काका, याची एक गोष्ट आहे, ऐका." आणि कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून मी सांगायला लागलो. 1921 साली कॅनडात टोरांटोला बँटिंग इन्शुलिनवर काम सुरू करणार होता. मदतीला दोन विद्यार्थी होते, बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कुणी जायचं यावर दोघांनी नाणं उडवलं. बेस्ट जिंकला आणि इतिहासात गेला. नोबलची पाळी आलीच नाही. तो पुढे डॉक्टर झाला. काळ गेला. 1952 साली याच नोबलकडे जमैकातल्या एका पेशंटकडून एक पाकीट आलं. आत सदाफुलीची पानं. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा चहा करून पीत.

"बघा!" काका म्हणाले.

"थांबा. त्याने ती पानं आपल्या भावाकडे पाठवली. भाऊ रॉबर्ट नोबल संशोधक होता. त्याने अर्क उंदरांना पाजला. साखर तसूभरही हलली नाही."

काकांनी तोंडातलं पान गालाच्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

"मग त्याने तो टोचून पाहिला. साखर तरी तशीच, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या, आणि जंतुसंसर्ग होऊन उंदीर मेले. दुसरा कुणी असता तर त्याने पानं फेकून दिली असती. याने विचार केला की रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यांना हे आवरेल का? त्यातून 1958 साली, चार्ल्स बियर या रसायनतज्ज्ञाबरोबर, व्हिन्ब्लास्टिन बाहेर आलं. मग एका अमेरिकन कंपनीच्या लोकांनी याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन काढलं, तेही गंमत म्हणजे मधुमेहावरचंच औषध शोधायला निघाले होते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. एका ग्रॅमला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. पेशींचं विभाजनच थांबवतं ते. तेव्हा काका, ही पानं म्हणजे कोथिंबीर नव्हे. कण्हेरीच्या कुळातली आहे ही बाई. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आमच्या गावच्या शेळीने शाळेचं हजेरीपुस्तक खाल्लं होतं, पण सदाफुली नाही."

काका बराच वेळ गंभीर होते. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे औषधी आहे हे कॅनडात सिद्ध झालंय म्हणायचं," ते म्हणाले. "मग हिच्या गुडघ्यांनाही लावून बघतो." आणि आणखी चार पानं घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना गाठून तीच गोष्ट सांगितली, फक्त उंदीर मेले त्या भागावर जास्त वेळ घालवला. त्या दिवसापासून काकांची शुगर डॉक्टरांच्या गोळ्यांवर आली. विज्ञानाचा प्रसार कुणाकडे करायचा हे कळायला मला उशीर लागतो.

मग पाऊस आला.

जूनचे पहिले दोन पाऊस तिने हसत घेतले. जुलैत एका सकाळी पाहतो तर झाड मान टाकून उभं. मान टाकलेल्या झाडाला काय हवं असतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी पाणी घातलं. संध्याकाळी मान आणखी खाली. मी आणखी पाणी घातलं. ताटली काठोकाठ भरली होती, ते मला काळजी घेतल्याचं लक्षण वाटत होतं. तिसऱ्या दिवशी शेंड्याकडून फांद्या तपकिरी पडू लागल्या, खोड बुडाशी काळं झालं. मी इंटरनेटवर रोगाचं नाव शोधून काढलं: फायटोफ्थोरा. ग्रीकमध्ये याचा अर्थ 'झाडाचा नाश करणारा'. थोडक्यात माझंच नाव.

बुरशीनाशक आणलं, फवारलं, ते पावसाने धुतलं. मग मी एक गोष्ट केली जी सोसायटीत अजून सांगितली जाते. भर पावसात, गुडघ्यापर्यंत पायजमा वर करून, मी कुंडीवर छत्री धरून उभा राहिलो. वीस मिनिटं. कुंडी आत उचलून न्यावी हे मला सुचलं नाही. वरून तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहान मुलाने ओरडून विचारलं, "काका, तिला सर्दी झालीय का?"

आठवड्यात विन्का गेली. मी ताटलीतलं पाणी ओतत होतो तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, "तिला पाण्यात उभी करून ठेवलीस. ताटली कशाला लागते?"

"पण आई, कोकणात केवढा पाऊस पडतो! तीन हजार मिलिमीटर. तिथे कशी जगते मग सदाफुली?"

"गडग्यावर पाणी थांबतं का?"

याला मी उत्तर देऊ शकलो नाही. कोकणात चिऱ्याच्या गडग्यांवर, विहिरीच्या काठावर, देवळाच्या भिंतीच्या फटीत सदाफुली बेफाम फुलते. वरून समुद्र ओतला तरी तिच्या मुळाशी थेंब थांबत नाही. खारं वारंही तिला चालतं, समुद्राकाठी पार रेतीपर्यंत जाते. ती पावसाने मरत नाही. थांबलेल्या पाण्याने मरते. सातशे साठ रुपयांतले चाळीस रुपये, ताटलीचे, मी तिला मारायला खर्च केले होते. (त्या चाळिसाचा असाही एक हिशेब जुळला.)

आईने मग तिच्या कपाटातून एक डबा काढला. मूळचा कॅडबरीचा. आत हळदी-कुंकवाच्या पुड्यांसारख्या कागदाच्या पुड्या, त्यांवर पेन्सिलने 'गुलबक्षी', 'अबोली', 'तेरडा', 'स.फु.' उन्हाळ्यात मी टॉनिक पाजत होतो तेव्हा ती त्या लाल विन्काच्या जोडशेंगा पिवळ्या पडताना पाहून, तडकायच्या आत हळूच काढत होती. इंचभर लांबीच्या, तारेसारख्या बारीक शेंगा, नेहमी दोघी-दोघी. आत काळं, खरखरीत, मोहरीपेक्षाही क्षुल्लक दिसणारं बी.

मी आता शहाणा झालो होतो. पाण्याचा निचरा होणारी माती केली, वाळू मिसळली, ट्रे आणला, बिया वर पसरल्या आणि तो ट्रे कडक उन्हात ठेवला. उन्हाचं झाड, त्याचं बीही उन्हाचंच असणार. प्रत्येक कप्प्याला आइसक्रीमच्या काडीवर तारीख लिहिली. पंधरा दिवसांनी ट्रेमध्ये फक्त काड्या उभ्या होत्या.

आईने तोच ट्रे हलवला, वर बोटभराच्या निम्मी माती पसरली, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला आणि मला तिकडे फिरकायला बंदी केली. दहा दिवसांनी गोणपाट उचललं तर कप्प्याकप्प्यात दोन-दोन हिरवी पानं. आयुष्यभर भर उन्हात उभं राहणाऱ्या या बाईला उगवताना मात्र काळोख लागतो. बियाण्याच्या पुस्तकातही हेच लिहिलेलं होतं, पण ते पान मी टॉनिकची जाहिरात वाचताना उलटलं होतं.

यातली सहा रोपं मी कुंड्यांत लावली, ताटल्यांशिवाय. ती बरी वाढली. पण खरी गंमत बाहेर झाली. त्या चार फुटी पट्टीत मी जिथे लावली नव्हती तिथे सदाफुली उगवायला लागली. चेंबरच्या झाकणाच्या कडेला. कंपाउंडच्या भिंतीच्या भेगेत. पायरीच्या सांध्यात. पाण्याच्या मीटरच्या पेटीत, जिथे रीडिंग घ्यायला येणारा माणूस आदराने पाय बाजूला ठेवू लागला. मी ठेवलेल्या सुपीक मातीकडे एकीनेही पाहिलं नाही. हे काम मुंग्यांचं. शेंगा तडकल्या की बी खाली पडतं, मुंग्या ते ओढून नेतात, आणि वाटेत विसरतात. मुंग्या कधी विसरत नाहीत असं आपण शाळेत शिकलो. आमच्या मुंग्या बहुधा महापालिकेच्या कंत्राटावर असाव्यात.

आणि रंग? एकशेवीस रुपयांच्या गडद लालाचा मागमूस नाही. हायब्रीडच्या बीने आईबापांचा रंग धरायचा नसतो, हा तिचा धर्मच. काही पोरं पांढरी निघाली, काही लाल डोळ्याची, एक-दोन फिक्या जांभळट रंगाची. पुढच्या खेपेला तर बहुतेक सगळी सरळ साध्या गुलाबीवर आली, जशी आमच्या गावच्या गडग्यावर असते तशी.

"आली बघ वळणावर," आई समाधानाने म्हणाली.

डिसेंबरात पुण्याची थंडी दहा अंशांवर उतरली की त्या पिवळ्या पडायच्या, पानं टाकायच्या, रुसून बसायच्या. पहिल्या हिवाळ्यात मी लोहाचं खत आणायला निघालो होतो. आईने चप्पल लपवली. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि त्या जणू काही झालंच नाही अशा फुलल्या.

एक रोप मात्र जास्तच लांब गेलं. ते दुसऱ्या मजल्यावर, काकांच्या खिडकीच्या छज्ज्याला, एसीच्या बाहेरच्या डब्याखाली उगवलं. मुंगी इतक्या वर जाते हे मान्य. पण नेमकी काकांकडे? काकांची पहिली प्रतिक्रिया आनंदाची होती. दुसरी, बेडरूमच्या भिंतीला ओल आल्यावर, लेखी तक्रारीची. 'तळमजल्यावरील सभासदांच्या बागेतील झाडाच्या मुळांमुळे गळती' असा विषय सोसायटीच्या सभेत आला. दीड तास चर्चा झाली. गळती टाकीची की झाडाची, खर्च सभासदाचा की सोसायटीचा, मुंगीला जबाबदार धरता येईल का. शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं, 'सदर विषय पुढील सभेत घेण्यात यावा.' तो आजतागायत पुढील सभेत घेतला जातो आहे. दर पावसाळ्यानंतर प्लंबर येतो, रोप उपटतो, फट बुजवतो, आणि दोन महिन्यांत शेजारच्या फटीत नवी गुलाबी सदाफुली मान वर काढते. गळतीचा विषय आणि सदाफुली, दोन्ही अल्पजीवी बहुवर्षायू.

काका आता मात्र तिची पानं खात नाहीत. फुलं देवाला वाहतात. स्वतःच्या छज्ज्यावरची असल्यामुळे पुण्य कमी लागतं अशी त्यांची तक्रार असते.

तिसऱ्या वर्षी कुंडीतल्या सदाफुल्या म्हाताऱ्या झाल्या. खोड लाकडासारखं, बुडाशी पानं नाहीत, फुलं तेवढी शेंड्याला चार. मी छाटणी वाचत बसलो होतो तेवढ्यात आईने खुरपं घेतलं, "हिचं झालं आता," म्हणत झाड उपटलं, आणि चेंबरच्या कडेचं एक पोर उचलून त्याच कुंडीत बसवलं. चार मिनिटांचं काम. छत्री लागली नाही.

संध्याकाळी फोनवर माझ्या मावशीशी ती बोलत होती. "अगं हो, सदाफुली ना? छान आहे. तीच ती, गावच्या गडग्यावरची. तेव्हापासून आहे."

आता माझ्यातला शास्त्रज्ञ गप्प बसेना. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, तीच कशी? गावच्या सदाफुलीचा इथे काय संबंध? ही माझ्या विकतच्या विन्काची नात किंवा पणती आहे. ती लाल होती, ही गुलाबी. ती मेली, हिच्या आईला तू आज सकाळी उपटलंस. एकही मूळ, एकही पान तेच नाही."

आई ओट्यापाशी होती. कोमट दुधाच्या पातेल्यात तिने कालच्या दह्याचा चमचा सोडला, ढवळलं, वर ताट झाकलं.

"हे दही कधीचं?"

"उद्याचं," मी सावध उत्तर दिलं.

"हे विरजण तुझ्या आजीने मला दिलं. लग्नात. मग चिपळूण, मग ठाणे, मग इथे. मध्ये दोनदा नासलं तेव्हा शेजारणीकडून आणलं. तिने ते माझ्याकडूनच नेलेलं होतं. आता सांग, हे दही कधीचं?"

मी गप्प बसलो. दह्यातल्या जिवाणूंची पिढी किती मिनिटांत बदलते ते मला सांगता आलं असतं, पण ती माहिती सांगून कुणाचं भलं होणार नव्हतं.

परवा संध्याकाळी दार वाजलं. वर नव्याने राहायला आलेली मुलगी होती, हातात स्टीलची छोटी वाटी. "आजी, थोडं विरजण मिळेल का? बाहेरचं दही आणून लावलं, पण ते पाणीच राहिलं." आईचा चेहरा असा उजळला की मला माझ्या परीक्षांच्या निकालांचे दिवस आठवले, तेव्हा तो असा कधी उजळला नव्हता. तिने वाटीत चमचाभर दही घातलं, कसं लावायचं, दूध किती कोमट हवं, ते करंगळी बुडवून दाखवलं. मुलगी जायला निघाली आणि अंगणातल्या फुलांकडे पाहून थबकली.

"किती गोड आहेत! नर्सरीत विचारलं तर दीडशे सांगितले."

आईने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. नर्सरीतले भाव तिला सगळे ठाऊक होते तर. 'चाळीस' तिने पहिल्या दिवसापासून नुसतं चालवून घेतलं होतं. मग पायरीच्या सांध्यातलं एक रोप तिने मुळासकट अलगद उपटलं, चहाच्या कागदी कपात माती घालून बसवलं, आणि मुलीच्या दुसऱ्या हातात दिलं.

"ताटली ठेवू नकोस खाली. आणि वाटी आठवणीने परत दे हं."

"हो आजी. आणि रोपाचं..."

"त्याचं काय? ते येईल आपली आपण."